पीसी अचानक बंद पडतो? फॉरमॅट मारायच्या आधी हे ऐका

[००:००]

हेडफोन लावा, नाहीतर बसमध्ये असाल तर खाली वाचत जा, दोन्ही चालेल. बोललेलंच इथे उतरवून ठेवलंय. फक्त माझे 'अं... अं...' काढून टाकलेत.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. घरचा असेंबल केलेला पीसी, चालता चालता अचानक रीस्टार्ट होतो. कधी दिवसातून दोनदा, कधी चार दिवस काहीच नाही. दुकानवाला म्हणतो, 'विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारू, पाचशे रुपये.' तर मारू का फॉरमॅट?

थांबा. आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे, कारण अगदी हीच गोष्ट माझ्या मामाच्या घरी घडली आणि तिथे फॉरमॅटची किंमत पाचशे रुपये नव्हती.

[०१:१०]

मामा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. घरातूनच छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्न्स भरतो. त्याचा पीसी संध्याकाळी अचानक बंद पडायला लागला. गावातल्या एका दुकानात नेला. त्यांनी आधी रॅम बदलली. पुन्हा तेच. मग फॉरमॅट मारला. पुन्हा तेच. मग म्हणाले, मदरबोर्ड गेलाय, आठ-नऊ हजार लागतील. तेव्हा मामाने मला फोन केला.

मी पहिला प्रश्न विचारला, 'मामा, फॉरमॅटच्या आधी डेटा काढून घेतला होता ना?'

मामा गप्प.

सगळं काम डेस्कटॉपवर होतं. आठ महिन्यांच्या एक्सेल फायली, बिलांचे स्कॅन, सगळं. आणि ड्राइव्ह एसएसडी. जुनी हार्ड डिस्क असती तर फॉरमॅटनंतरही रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच काही परत येऊ शकतं. एसएसडीमध्ये ट्रिम नावाचा प्रकार असतो. डिलीट झालेली जागा ड्राइव्ह आतल्या आत साफ करून टाकतो, त्यामुळे तिथून परत मिळायची आशा जवळजवळ शून्य. मामाने पुढचे तीन आठवडे दुकानोदुकानी फिरून, लोकांकडून पुन्हा बिलं मागून, सगळं नव्याने भरलं. दोन गिऱ्हाइकं तुटली.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) पीसीमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. रॅम चांगली, विंडोज चांगलं, मदरबोर्ड ठणठणीत. ते कसं कळलं, ते सांगतो. पण आधी थोडं समजून घेऊ की पीसी 'क्रॅश होतो' म्हणजे नेमकं काय होतं.

[०३:००]

आपण सगळ्यालाच क्रॅश म्हणतो. पण पीसी तीन वेगवेगळ्या प्रकारे मान टाकतो आणि तिन्हींची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात.

पहिला प्रकार : निळा स्क्रीन येतो, रडका चेहरा येतो, खाली काहीतरी कोड असतो. विंडोज ११ च्या नव्या अपडेटनंतर तो स्क्रीन काळा झालाय आणि रडका चेहराही गेलाय, पण काम तेच.

दुसरा : काहीच दिसत नाही. कुणीतरी प्लग खेचल्यासारखा पीसी टप्‌कन बंद होतो किंवा लगेच रीस्टार्ट होतो.

तिसरा : चित्र आहे तसं गोठतं. माउस हलत नाही, गाणं चालू असेल तर 'टर्रर्र' आवाज अडकतो, आणि पॉवरचं बटण दाबून ठेवण्याशिवाय पर्याय उरत नाही.

आता निळ्या स्क्रीनबद्दल एक मोठा गैरसमज. लोकांना वाटतं निळा स्क्रीन म्हणजे आजार. नाही हो. तो घरातल्या एमसीबीसारखा आहे. एमसीबी पडतो तेव्हा आपण 'एमसीबी खराब' म्हणत नाही, कुठेतरी शॉर्ट झालंय म्हणतो. तसंच, विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काहीतरी अशक्य घडलेलं सापडलं की विंडोज स्वतःहून सगळं थांबवतं, कारण तसंच पुढे चालू ठेवलं तर तुमच्या फायलींवर कचरा लिहिला जाण्याची भीती असते.

साधं ॲप बंद पडलं तर फक्त ते ॲप बंद पडतं. बिल्डिंगमधल्या एका फ्लॅटचा नळ तुटला, इतकंच. पण ड्रायव्हर, अँटिव्हायरस, काही गेम्सचे अँटिचीट प्रोग्राम हे कर्नलमध्ये जाऊन बसतात. ते फ्लॅटमधले भाडेकरू नाहीत, ते बिल्डिंगचे खांब आहेत. खांबाला तडा गेला की सगळी बिल्डिंग रिकामी करावी लागते. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष अपडेट गेली आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशिन निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. त्या ८५ लाख मशिनमध्ये हार्डवेअरचा काहीही दोष नव्हता. एका खांबाचा होता.

[०५:२०]

बरं, मग करायचं काय?

सगळ्यात आधी, म्हणजे खरंच सगळ्यात आधी, डेटा बाहेर काढा. पीसी दिवसातून दोनदाच बंद पडतोय ना? मग मधल्या वेळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो एका बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. विंडोज सुरूच होत नसेल, तर मित्राच्या पीसीवर पेनड्राइव्हमध्ये उबुंटू टाकून त्यावरून पीसी चालू करता येतो आणि फायली काढता येतात. आणि विंडोज ११ असेल तर अजून एक काम : तुमचा ड्राइव्ह बिटलॉकरने लॉक असू शकतो, तुम्हाला पत्ता नसताना. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज कधीकधी तीच की मागतं, आणि तेव्हा शोधायला गेलात तर घाम फुटतो.

हे झालं की एक छोटी सेटिंग. निळा स्क्रीन अर्ध्या सेकंदात येऊन जातो, वाचताच येत नाही, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. स्टार्टमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, त्यात 'स्टार्टअप अँड रिकव्हरी', आणि तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ही टिक काढा. आता स्क्रीन थांबून राहील. मोबाइल हातातच असतो आपला, फोटो काढा. जुन्या निळ्या स्क्रीनवरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका असं नाही, पण तो सगळ्यांना एकाच सर्वसाधारण पानावर नेतो, त्यातून फार काही कळत नाही. स्क्रीनवर कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं नाव महत्त्वाचं.

[०६:५०]

आता माझं सगळ्यात आवडतं टूल. ते प्रत्येक विंडोजमध्ये असतं आणि कुणीच वापरत नाही. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी खिडकी येईल. त्यात इंग्रजीत टाइप करा : पी, ई, आर, एफ, एम, ओ, एन, मग स्पेस, मग स्लॅश, आर, ई, एल. एंटर.

याचं नाव रिलायबिलिटी मॉनिटर. कॅलेंडरसारखा आलेख दिसेल. ज्या दिवशी काही बिघडलं त्या दिवशी लाल फुली. त्याच आलेखात खाली, कोणत्या दिवशी कोणता ड्रायव्हर किंवा प्रोग्राम इन्स्टॉल झाला तेही दिसतं. म्हणजे मंगळवारपर्यंत सगळं छान, मंगळवारी ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाला आणि बुधवारपासून रोज लाल फुली, असं दिसलं तर अजून काय पुरावा हवा? डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो ड्रायव्हर 'रोल बॅक' करा. पाच मिनिटांचं काम.

याहून खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर. त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. बघून घाबरायचं नाही, निरोगी पीसीमध्येही तिथे लाल-पिवळ्या नोंदी ढिगाने असतात. तुम्ही फिल्टर लावा आणि फक्त तीन आकडे टाका : ४१, ६००८, १००१.

४१ ही नोंद म्हणजे 'कर्नल-पॉवर'. इथे खूप लोक फसतात. नेटवर शोधतात, 'पॉवर' शब्द दिसतो आणि थेट नवीन एसएमपीएस घेऊन येतात. ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी पीसी नीट शटडाउन न होता बंद झाला. का झाला, हे तिला माहीत नाही. पण त्या नोंदीच्या तपशिलात 'बगचेक कोड' अशी एक ओळ असते. तिथे शून्याव्यतिरिक्त काही असेल, तर विंडोजला मरता मरता कारण नोंदवायला वेळ मिळाला होता. शून्य असेल, तर विंडोजला काही कळायच्या आतच सगळं संपलं. म्हणजे आपला दुसरा प्रकार, प्लग खेचल्यासारखा, किंवा पूर्ण गोठणं.

१००१ मध्ये निळ्या स्क्रीनचा कोड असतो. आणि ६००८ मध्ये पीसी नेमका किती वाजता गेला ती वेळ असते. ही वेळ लक्षात ठेवा, मामाच्या घरी हिनेच काम केलं.

[०९:१५]

निळ्या स्क्रीनचे शेकडो कोड आहेत, सगळे पाठ करायची गरज नाही. मी एकच गोष्ट आधी बघतो : दर वेळी तोच कोड आणि तेच फाइलनाव येतंय, की रोज नवीन?

तोच येत असेल तर बहुधा एखादा ड्रायव्हर. रोज नवीन येत असेल, आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या आयआरक्यूएल, परवा अजून तिसरंच, तर माझा संशय रॅमवर जातो. कारण रॅमचा एखादा कोपरा खराब असला की त्या कोपऱ्यात त्या दिवशी जे बसलं असेल ते मरतं. कधी ब्राउझर, कधी ड्रायव्हर, कधी विंडोज स्वतः. मी कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये असताना असाच एक महिना घालवला. चार वेळा विंडोज नव्याने टाकलं, शेवटी मेमटेस्ट नावाचा फुकट प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवला. सकाळी उठून बघतो तर स्क्रीन लाल, शेकडो एरर. मेमटेस्टमध्ये एक जरी एरर आली तरी तो निकाल नापासच धरायचा, 'चालतंय की' असं नाही.

दोन रॅम असतील तर एक काढा, एकावर चालवा, मग दुसऱ्यावर. काढताना मागचा स्विच बंद, प्लग काढलेला. कधीकधी नुसती काढून पुन्हा नीट बसवली तरी प्रश्न सुटतो. आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल, म्हणजे रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त पळवली जात असेल, तर ते आधी बंद करून बघा. रॅम चांगली असते, पण त्या वेगाला साथ देत नाही, असं होतं.

डब्ल्यूएचईए असं नाव दिसलं तर मात्र हार्डवेअरच काहीतरी सांगू पाहतंय. प्रोसेसर, मदरबोर्ड, व्होल्टेज, ओव्हरक्लॉकिंग. इथेच एक सांगून ठेवतो : इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू अस्थिर होत होते, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. गेम चालू केला की 'व्हिडिओ मेमरी संपली' असा भलताच मेसेज यायचा आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसायचे. उपाय मायक्रोकोडमधून आला, आणि तो बायोस अपडेटमधून मिळतो. पण आधीच झालेलं नुकसान अपडेटने भरून निघत नाही, त्यामुळे इंटेलने अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे त्यातला प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट टाळू नका, आणि क्रॅश थांबत नसतील तर वॉरंटीत मागा.

[११:४०]

उष्णतेबद्दल थोडक्यात. प्रोसेसर गरम झाला की लगेच बंद पडत नाही, आधी स्वतःचा वेग कमी करतो. साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास ते सुरू होतं. त्यामुळे गेम आधी अडखळतो आणि मग पीसी जातो, असा क्रम असेल तर उष्णता. एचडब्ल्यूइन्फो टाकून आकडा बघा. आमच्याकडे दर दिवाळीच्या साफसफाईत पीसी उघडतो आणि दर वेळी वाटतं, ही धूळ आली कुठून. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भन्नाट फिरतो आणि खराब होऊ शकतो.

गोठण्याचा प्रकार असेल तर ड्राइव्हवर लक्ष ठेवा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते ड्राइव्हची तब्येत सांगतं. निळ्याऐवजी पिवळं दिसलं तर हा भाग इथेच थांबवा आणि बॅकअप घ्या. खरंच.

[१२:३०]

आता मामाकडे.

मी दिवाळीला गेलो तेव्हा पीसी उघडायच्या आधी लॉग उघडला. ४१ च्या नोंदी बऱ्याच. सगळ्यांत बगचेक कोड शून्य. म्हणजे निळा स्क्रीन नाहीच, थेट वीज गेल्यासारखं. मग ६००८ च्या वेळा एका कागदावर लिहिल्या. सोमवारी ६ वाजून ४० मिनिटं. बुधवारी ६ वाजून ३५. शुक्रवारी ६ वाजून ४५. मंगळवारी काही नाही, गुरुवारी काही नाही.

व्हायरस दिवसाआड येत नाही. खराब रॅम घड्याळ बघत नाही.

मी मामीला सहज विचारलं, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास घरात काय असतं? ती म्हणाली, 'काय असणार, पाणी येतं. दिवसाआड. मी मोटर लावते.' आणि वर म्हणाली, 'मोटर लावली की तो टेबलाखालचा डबा खट्‌ करतो. मी यांना सांगितलं होतं.'

टेबलाखालचा डबा म्हणजे यूपीएस.

पाण्याची मोटर सुरू होताना, चालताना लागतो त्याच्या पाच-सहा पट करंट क्षणभर खेचते. गावाकडच्या लांबलचक लाइनवर आधीच व्होल्टेज कमी, त्यात हा झटका. बल्ब मंदावतो बघा, तोच तो क्षण. व्होल्टेज खाली गेलं की यूपीएस काय करतो? खट्‌कन बॅटरीवर जातो. तेच त्याचं काम. पण मामाच्या यूपीएसची बॅटरी पाच वर्षं जुनी होती. घरगुती यूपीएसमधली ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. म्हणजे यूपीएस मोठ्या विश्वासाने मेलेल्या बॅटरीवर जायचा आणि पीसीची वीज पूर्णच तुटायची.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा क्षणाने काय होतं? पीसीच्या एसएमपीएसमध्ये थोडी वीज साठलेली असते. एटीएक्स मानकाप्रमाणे ती सुमारे १६-१७ मिलिसेकंद पुरायला हवी. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे एक आवर्तनसुद्धा भरत नाही. चांगला यूपीएस १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर जातो म्हणून निभावतं. बॅटरीच नसेल तर काय निभावणार? त्यात मामाचा एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला.

आणि दुकानात पीसी चार दिवस लोण्यासारखा का चालला, तेही कळलं. दुकानात त्यांनी फक्त कॅबिनेट नेला होता. यूपीएस घरीच होता. आणि दुकानात मामी मोटर लावायला नव्हती.

[१५:१०]

पण अंदाज म्हणजे निदान नव्हे. म्हणून एक प्रयोग केला, आणि एकाच वेळी एकच गोष्ट बदलली. पीसी यूपीएसमधून काढून थेट भिंतीतल्या प्लगला लावला. मामाला सांगितलं, महत्त्वाचं काम सेव्ह करून ठेव आणि मामीला म्हटलं, लाव मोटर. बल्ब मंदावला. पीसी चालू. पुन्हा यूपीएसवर लावला. मोटर. खट्‌. पीसी बंद. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

हे 'एका वेळी एकच' फार महत्त्वाचं आहे. दुकानात काय झालं होतं? रॅम बदलली, विंडोज बदललं, आणि पुढे मदरबोर्ड बदलणार होते. समजा त्याच सुमारास पाणीपुरवठ्याची वेळ बदलून सकाळची झाली असती, मामा पीसी लावायच्या आधीची, तर सगळ्यांना वाटलं असतं, मदरबोर्डच गेला होता. आठ-नऊ हजार गेले असते आणि पुढच्या उन्हाळ्यात वेळ बदलली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मामाला नवीन बॅटरी सुमारे हजार रुपयांत मिळाली. जुनी दुकानात परत दिली, कारण तिच्यात शिसं असतं, ती कचऱ्यात टाकायची नसते. यूपीएस तपासायची सोपी पद्धत : सगळं काम सेव्ह करा, यूपीएसचा भिंतीतला स्विच बंद करा आणि घड्याळ बघा. पीसी लगेच गेला तर बॅटरी संपलीये. दर सहा महिन्यांनी एकदा करा. आणि एसएमपीएस थोडा बरा घ्या, तो फुकटातला नको.

[१६:४०]

तर आपल्या त्या श्रोत्याला उत्तर. मित्रा, तुझ्या व्हॉइस नोटमध्ये तू म्हणालास, निळा स्क्रीन कधी दिसलाच नाही आणि लगेच रीस्टार्ट होतो. आधी ती ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढ, कारण निळा स्क्रीन येऊनही तुला दिसत नसेल. मग ६००८ च्या वेळा लिही. आठवडाभर. शेजारी लिही तेव्हा घरात काय चालू होतं : एसी, गीझर, मिक्सर, इस्त्री, गेम. फ्रीजचा कॉम्प्रेसरसुद्धा विसरू नकोस, तो गुपचूप चालू होतो. आणि एक छोटी गोष्ट : विंडोजचं 'शटडाउन' फास्ट स्टार्टअपमुळे खरं पूर्ण बंद होणं नसतं, कर्नलची अवस्था डिस्कवर ठेवून झोपतं. त्यामुळे ड्रायव्हरचा संशय असेल तर शटडाउन नको, रीस्टार्ट कर, मगच निकाल धर.

फॉरमॅट कधी मारायचा? रॅम मेमटेस्टमध्ये पास, तापमान ठीक, ड्राइव्ह निळा, वीज तपासलेली, ड्रायव्हर मागे नेऊन झाला, आणि तरीही क्रॅश. तेव्हा. आणि तेव्हाही डेटा बाहेर काढून.

तो कागद आणि निळ्या स्क्रीनचा फोटो मला पाठव. पुढच्या भागाच्या आधी बघतो. बाकीच्यांनीही पाठवा, पण फोटो जरा न हलवता काढा राव, मागच्या वेळी निम्मे कोड वाचताच आले नाहीत.